पॉइंट चारची पत्रिका

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी मुलगी कुठली ते बघतो, मग तारीख बघतो, मग आपलं नाव नीट घातलंय का ते बघतो. आमचे मिस्त्री जाडी बघायचे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मायक्रोमीटर असायचा. पत्रिकेचा कोपरा त्याच्या जबड्यात धरायचा, टिकटिक वाजेपर्यंत फिरवायचा, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचायचा आणि समोर घाम पुसत उभ्या असलेल्या मुलीच्या बापाला सांगायचं, "पॉइंट तीन. पातळ हाय." तो बिचारा पत्रिका वाटत दहा गावं फिरून आलेला असायचा. मिस्त्री लग्नाला येणार की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. पॉइंट चार मिलिमीटर भरली तर मात्र मिस्त्री खूश. मग ते त्या घरच्या लग्नाला जायचे, पंगतीत गप्प बसून जेवायचे आणि निघताना उरलेल्या पत्रिका मागून आणायचे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ते टूलरूमचे मुख्य होते. आमच्याकडे पत्र्याचे भाग बनायचे. कुठल्या मशीनची पट्टी, कुठल्या दिव्याचा कंस म्हणजे ब्रॅकेट, कुठली बिजागरी. पत्र्याची लांब पट्टी प्रेसखाली सरकत जाते, प्रत्येक दाबाला एक टप्पा पुढे. पहिल्या टप्प्यावर भोक पडतं, दुसऱ्यावर कड कापली जाते, तिसऱ्यावर वाकते, शेवटी तयार भाग टपकन खाली पडतो. हे सगळं ज्या पोलादी साच्यात घडतं ती डाय. आणि डाय कशी असावी हे ठरवायचं काम मिस्त्रींचं.

ते ठरवायचे लग्नपत्रिकांवर. भागाचा आकार पत्रिकेतून कात्रीने कापायचा, तसे सात-आठ तुकडे करायचे आणि टेबलावर पुढेमागे, उलटेसुलटे सरकवत बसायचं. कमीत कमी पत्रा वाया कसा जाईल ते असं बसून दिसायचं. डाय म्हणजे एकावर एक बसणाऱ्या पोलादी पाट्या, मग त्यातल्या प्रत्येक पाटीची एक पत्रिका. सगळ्या एकावर एक ठेवून पोती शिवायचा दाभण आरपार घालायचा, म्हणजे भोकं एका रेषेत. मग तो गठ्ठा तारेत ओवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. टूलरूमची एक अख्खी भिंत अशी लग्नांनी भरलेली होती. कंसाच्या तुकड्यावर 'चि. सौ. कां.' अर्धवट दिसायचं, बिजागरीवर कुणाच्या तरी आजोबांच्या नावापुढचा 'कै.' यायचा. गणपतीवरून मात्र ते कधी कात्री नेत नसत. तो आधी नखाएवढा गोल कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. तो डबा मशीनच्या वर फळीवर असायचा आणि त्यात शेकडो गणपती होते. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची, तेव्हा फूल आधी त्या डब्यावर.

मी नवीन असताना विचारलं होतं, की कार्डशीट दुकानात मिळते, ती का नाही आणत. मिस्त्री म्हणाले, "विकतच्या पुठ्ठ्यावर तारीख नसते." याचा अर्थ मला पुढे कळला. डाय कधीची, कुठल्या साली किती घासली, हे त्यांना लग्नावरून आठवायचं. कारखान्यात डायना नंबर होते, पण प्रेसवरची माणसं म्हणायची, सरळगावच्या लग्नातली काढ. एका जोडप्याचं पुढे मोडलं. मिस्त्रींना कळलं तेव्हा ते खिळ्याकडे बघून म्हणाले, "त्यांचं मोडलं. डाय चाललीय अजून."

मी किन्हवलीच्या पुढच्या एका गावची. घरात भातशेती आणि तीन पिढ्यांत दहावीच्या पुढे कुणी नाही. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली. हे मी आजही ताठ मानेने सांगते, कारण त्या डिग्रीसाठी किती पहाटे एसटी पकडली ते मला माहीत आहे. डिग्रीनंतर कल्याणला कॉम्प्युटरवर डिझाइन करायचा क्लास केला. त्याचं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलं, येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं म्हणून. या कारखान्यात मी लागले तेव्हा टूलरूममध्ये मी एकटी बाई. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या हातात एक ताजा कापलेला तुकडा दिला आणि विचारलं, धार कुठल्या बाजूला आलीय. मी तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले. ते म्हणाले, बोट फिरव. फिरवलं, बोट कापलं. त्यांनी खिशातून चिंधी काढून दिली. "आता इसरणार नाय," म्हणाले आणि निघून गेले.

ते मला कधी नावाने बोलवत नसत. "काय गो इंजिनियर," असंच. त्यात टोमणा किती आणि मान किती हे मला दोन वर्षं कळलं नाही.

लोकांना वाटतं, असा माणूस कॉम्प्युटरच्या विरोधात असणार. उलट होतं. शेठच्या मागे लागून लागून कॉम्प्युटर आणायला लावणारे मिस्त्रीच. कारण सरळ होतं. पूर्वी गिऱ्हाईक एकदा नकाशा द्यायचं आणि वर्षभर गप्प बसायचं. आता मंगळवारी मेल येतो, भोक जरा सरकवा, आणि गुरुवारी फोन येतो, झालं का. मिस्त्री दुरुस्ती कधी करत नसत. एक भोक सरकलं की अख्खा गठ्ठा फेकून नवा कापायचे. ठिगळाची डाय नको, हे त्यांचं म्हणणं. पण तेवढ्या पत्रिका आणायच्या कुठून, आणि तेवढे डोळे तरी.

शेठनी शेवटी दोन सॉफ्टवेअर निवडीला ठेवली. एक मी क्लासमध्ये शिकलेलं. सगळ्या कामाचं, सोपं, कल्याणच्या प्रत्येक क्लासात शिकवतात ते. दुसरं जड, पण त्यात डायसाठी वेगळा भाग होता. पट्टी, टप्पे, पाट्या, भोक पाडणारे पंच, सगळं एकमेकांना बांधलेलं. मिस्त्रींनी चालू होतानाच्या रंगावरून त्यांना बैलांसारखी नावं ठेवली, निळ्या आणि तांबड्या. प्रेसवरचा एक जण हसत म्हणाला, मिस्त्री, निळा बैल कुठल्या बाजारात असतो. मिस्त्री म्हणाले, "शेठच्या."

शेठनी मला सांगितलं, दोन्हीचा अभ्यास कर आणि रिपोर्ट दे. जाता जाता म्हणाले, तांबडा घेतला तर ती कंपनी त्यांच्याकडचा तयार मुलगा देते, मग शिकवायची भानगडच नाही.

तयार मुलगा आला तर मी कशाला? किन्हवलीत माझ्या नोकरीबद्दल सगळ्या आळीला माहीत होतं. भिंतीवरची ती फ्रेम निळ्याची होती.

मी दोन पानी रिपोर्ट लिहिला, इंग्रजीत. निळ्याच्या बाजूने सात मुद्दे. तांबड्याच्या विरुद्ध चार, त्यातला पहिला असा, की तो आपल्या कॉम्प्युटरवर चालणारच नाही. मी खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलं नाही. क्लासमधल्या एका मित्राने तसं सांगितलं होतं. खरं आहे का ते मी बघायला गेले नाही, एवढंच. बघायचं नव्हतंच मला.

शेठनी रिपोर्ट मिस्त्रींकडे दिला. मिस्त्री इंग्रजी वाचायचे, पण एकेक अक्षरावर बोट ठेवून. दोन पानांना त्यांनी जेवणाची अख्खी सुट्टी घेतली. मग मला हाक मारली.

"तांबड्या आपल्या मशीनवर चालत नाय, हे तू बघलंस का ऐकलंस?"

मी म्हटलं, ऐकलं.

त्यांनी रिपोर्टचा कोपरा मायक्रोमीटरमध्ये धरला, फिरवला, वाचला. "पॉइंट एक," म्हणाले आणि कागद मला परत दिला. "यात काय कापता येणार नाय."

मला इतका राग आला होता की त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मी शेजारच्या बाईशीही बोलले नाही.

मिस्त्री म्हसा बाजूचे. त्यांच्या घरी पूर्वी बैलांची देवघेव चालायची. म्हशाच्या जत्रेत ते लहानपणापासून बापाबरोबर बैल बघत फिरले. रंगवलेली शिंगं, घुंगरांची माळ, तेल लावून चमकवलेली पाठ, हे सगळं विकणाऱ्याचं असतं, असं ते सांगायचे. विकणारा आपला माणूस कासऱ्याला लावतो, आणि त्या माणसाच्या हाताखाली कुठलाही बैल राजासारखा चालतो. त्यांच्या बापाचा नियम असा होता, की विकणाऱ्याच्या माणसाने दोरीला हात लावायचा नाही. बैल आपल्या घरच्या बैलाशेजारी, आपल्या गाडीला, आपल्या पोराने जुंपायचा, आणि सपाटीवर नाही, चाकोरीतल्या खड्ड्यातून चालवायचा.

तोच नियम त्यांनी सॉफ्टवेअरला लावला. दोन्ही कंपन्यांचे विक्रेते लॅपटॉप घेऊन, गळ्यात ओळखपत्र घालून आले होते. त्यांच्याकडे सुंदर फिरणारी चित्रं तयार होती. मिस्त्रींनी ती बघायला नकार दिला. म्हणाले, तुमचं आमच्या मशीनवर टाका, आमची मुलगी चालवेल, तुमी शेजारी बसा, हात मांडीवर. माऊसला हात लावलात तर तुमचा बैल बाद.

शेठ हसले, पण मिस्त्रींना कुणी नाही म्हणत नसे.

पहिल्या दिवशी निळ्या. मिस्त्रींनी भिंतीवरचा एक जुना गठ्ठा काढला. चार टप्प्यांची साधी डाय, दोन भोकं, एक वाकवण. मी बसले. हात सवयीचे होते. जेवणाआधी पट्टी तयार, पंच तयार, तिन्ही पाट्या तयार. खालची, ज्यात भोकं असतात. वरची, ज्यात पंच बसतात. आणि मधली, जी पत्र्याला दाबून धरते आणि पंचाला वाट देते. शेठ मागे उभे राहून वा वा करत होते. प्रेसवरची दोघं-तिघं दारात येऊन बघून गेली. मला वाटलं, झालं.

जेवण झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "गिऱ्हाइकाचा मेल आलाय. दुसरं भोक दोन मिलिमीटर डावीकडं."

मी दहा मिनिटांत सरकवलं. पट्टीत, पंचात, खालच्या पाटीत, वरच्या पाटीत.

"आता सगळ्या पाट्या एकावर एक ठेव आनि दाभण घाल."

स्क्रीनवर दाभण घालायचा म्हणजे भोकाच्या मधोमध काप घेऊन आतलं बघायचं. मी काप घेतला. पंच वरून खाली येत होता आणि मधल्या पाटीवर टेकत होता. तिथलं भोक जुन्याच जागी होतं. प्रेस चालू केली असती तर पहिल्याच दाबाला पंचाचे तुकडे.

विक्रेता लगेच पुढे झुकला, मग हात आठवून मागे बसला. म्हणाला, मॅडम विसरल्या. सुरुवातीला सगळं जोडून घेतलं असतं तर आपोआप सरकलं असतं, सॉफ्टवेअरची चूक नाही. आणि ते खरं होतं. जोडता आलं असतं, मी जोडलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "इसरली, बरोबर. पण ही हुशार हाय, तरी इसरली. मी तर इसरणारच. अहो, इसरणाऱ्या माणसासाठीच तर घ्यायचंय. ज्याला सगळं ध्यानात राहतं त्याला पत्रिका पुरतात."

दुसऱ्या दिवशी तांबड्या. तो आमच्या मशीनवर चढला, हळू, धापा टाकत, पण चालला. माझ्या रिपोर्टचा पहिला मुद्दा स्क्रीनवर सगळ्यांसमोर खोटा पडला होता. मला चित्र फिरवायचं बटणही सापडत नव्हतं. काल वा वा करणारे शेठ खुर्चीत चुळबुळत होते. विक्रेता मांडीवरचे हात एकमेकांत आवळून बसला होता. त्या माणसाचे मी आजही आभार मानते, त्याने एकदाही माऊस ओढून घेतला नाही, फक्त सांगत राहिला. काल जे अर्ध्या दिवसात झालं त्याला तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस लागला. दारात आता कुणी बघायला येत नव्हतं, आणि ते जास्त लागत होतं.

मध्येच शेठ म्हणाले, "तू तर लिहिलं होतंस हे आपल्याकडे चालणार नाही."

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते कात्रीने एक गणपती कापत होते. मान वर केली नाही. त्यांना सांगायचं असतं तर तीन दिवसांपूर्वीच सांगितलं असतं. सांगायचं मलाच होतं.

मी म्हटलं, "मी तपासलं नव्हतं, शेठ. ऐकून लिहिलं. मला निळं येतं, हे येत नाही. तुमचा तयार मुलगा आला तर माझं काय, म्हणून लिहिलं."

मिस्त्रींनी गणपती डब्यात टाकला, झाकण लावलं आणि म्हणाले, मेल आलाय, भोक दोन मिलिमीटर डावीकडं.

मी पट्टीत एका ठिकाणी आकडा बदलला. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं. मग पंच सरकला, खालची पाटी सरकली, वरची सरकली, आणि मधलीही. मी काप घेतला. दाभण वरपासून खालपर्यंत सरळ गेला.

"तांबडाच घेऊ मग," शेठ म्हणाले. "आणि त्यांच्याकडचा मुलगाही बोलावू. हिला शिकेपर्यंत किती दिवस..."

मिस्त्री उठले. त्यांना उभं राहून बोलायची सवय नव्हती.

"शेठ, तो पोरगा तांबड्याच्या घरचा. तांबड्या कुठं अडतो ते तो तुमाला कधी सांगल का? ही सांगल. हिनं आत्ता सोताचंच सांगितलं."

एवढंच. मग ते गठ्ठा खिळ्याला परत टांगायला गेले.

मुलगा आला नाही. मला तीन महिने मिळाले आणि मी ते शिकले, रात्री घरी, सुट्टीच्या दिवशी कारखान्यात. मिस्त्रींनी त्याबद्दल कधी शाबासकी दिली नाही. उलट महिनाभर मला रोज विचारायचे, "आज काय ऐकलंस?" आणि प्रेसवरची माणसं फिस्स करून हसायची.

त्यांना साधू करून ठेवायचं नाही मला. ते हट्टी होते, आणि हट्टात चुकायचेही. पुढे एकदा तांबड्याने वाकायच्या आधीच्या पत्र्याची लांबी एक सांगितली आणि मिस्त्रींच्या पत्रिकांनी दुसरी. मी तीनदा तपासून सांगितलं की त्यांचं मोजमाप जुन्या पत्र्याचं आहे, नवा पत्रा वाकताना जास्त ताणला जातो. ऐकलं नाही. डाय त्यांच्या आकड्याने झाली आणि भोकं वाकणीवर आल्याने पहिले शंभर कंस वाया गेले. मिस्त्री आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू पत्रा मीच ताणला होता. नवव्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा भिंतीवरचा तो गठ्ठा नव्हता. माझ्या टेबलावर त्यांची वही होती. चाळीस वर्षांत कुठला पत्रा किती ताणला त्याचे आकडे, प्रत्येकापुढे लग्नाची तारीख. आणि शेवटच्या ओळीत, ताज्या शाईने, माझा आकडा.

ती सगळी वही मी तांबड्यात भरली. आज तांबड्या वाकलेला पत्रा सपाट उलगडून दाखवतो तेव्हा त्याला माहीतही नसतं की तो कुणाच्या लग्नांवरून बोलतोय.

माऊस त्यांनी एकदाच धरला. चेपून धरला, पक्कड धरावी तसा. स्क्रीनवरची डाय भेलकांडत कुठेतरी निघून गेली. "पळाला," म्हणाले आणि हात परत मांडीवर ठेवले. निवृत्त होईपर्यंत माझ्या शेजारी ते तसेच बसायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मुरबाडच्या छापखान्यात मी कार्ड निवडायला बसले. रंग, लेस, बासरी-मोरपीस, काहीच बघितलं नाही. विचारलं, पॉइंट चारचं आहे का. छापखानेवाला माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, आहे ना ताई, अगदी पॉइंट चार.

पहिली पत्रिका घेऊन मी म्हशाला गेले. मिस्त्री ओटीवर बसले होते, बारीक झाले होते, पण खिशात पेनाशेजारी मायक्रोमीटर होता. त्यांनी पत्रिका घेतली. नाव वाचलं नाही, तारीख वाचली नाही. कोपरा जबड्यात धरला, टिकटिक वाजली, चष्मा कपाळावर गेला.

"पॉइंट तीन सहा."

मी म्हटलं, तो तर पॉइंट चार म्हणाला होता.

"मोजलीस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"ऐकलीस," ते म्हणाले आणि इतके हसले की आतून त्यांची सून बघायला आली. मीही हसले. हसताना डोळ्यांत पाणी का येतं ते मला ठाऊक नाही.

मग त्यांनी कात्री मागवली. गणपती गोल कापून बाजूला ठेवला. विचारलं, हल्ली काय चाललंय. मी सांगितलं, एक बिजागरी, सहा टप्पे, तांबड्यात मांडून झालीय, उद्या पोलाद कापायला द्यायची. त्यांनी पत्रिका उलटी केली, मला माप सांगायला लावलं आणि कोऱ्या बाजूवर पेनाने भोकांच्या खुणा केल्या. आणखी दोन पत्रिका माझ्या पिशवीतून घेतल्या, तिन्ही एकावर एक ठेवल्या आणि खांबात खोचलेला दाभण काढून आरपार घातला. माझ्या नावाच्या शेजारून.

तिन्ही मिळून उन्हासमोर धरल्या, भोकांतून ऊन सरळ आरपार आलं, तशाच माझ्याकडे दिल्या.

"बघ," म्हणाले.

मी बघितलं.